तुमच्या बागेचं गणित, तुमचं फंक्शन
ठिबक कंट्रोलरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कंट्रोलरच्या खोक्यात बोर्ड, सेन्सर आणि वायरींसोबत एक पेन ड्राइव्ह असतो. बोर्डावर चालणारा सी भाषेतला अख्खा प्रोग्राम त्यात उघडा ठेवलेला आहे. दिंडोरीची माती वेगळी, निफाडची वेगळी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षवेलीला लागणारं पाणी आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतरचं पाणी एक नसतं. अंबडमध्ये बसून सगळ्यांच्या बागेचं गणित आम्ही एकाच आकड्यात कसं बसवणार? ते तुम्हाला बसवता यावं, म्हणून प्रोग्रामला कुलूप लावलेलं नाही.

बदल करताना बहुतेक जण थेट मेनमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मुख्य भागात, हात घालतात. एक ओळ इथे, एक ओळ तिथे. दोन महिन्यांनी कुठली ओळ का घातली होती ते घातलेल्यालाही आठवत नाही. आमची कळकळीची विनंती आहे: मेनला हात लावू नका, तुमचं गणित स्वतःच्या फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या वेगळ्या तुकड्यात, लिहा आणि मेनमधून त्याला फक्त बोलवा.

(पत्रकातला कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत छापला आहे. टाइप करताना सगळे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. इंट, रिटर्न, व्हॉइड हे भाषेचे शब्द लहान लिपीतच हवेत. सी भाषा लहान आणि मोठी अक्षरं वेगळी मानते.)

सेन्सरच्या रीडिंगवरून ओलाव्याची टक्केवारी काढायची आहे असं समजा. आमच्या बोर्डावर रीडिंग 0 ते 1023 असं येतं आणि ओलावा वाढला की तेही वाढतं. फंक्शन असं होईल:

इंट ओलावा_टक्के(इंट रीडिंग)
{
    रिटर्न रीडिंग * 100 / 1023;
}

पहिला इंट सांगतो की उत्तर पूर्णांकात मिळेल. मग नाव. गोल कंसात फंक्शनला काय द्यायचं ते, म्हणजे आर्ग्युमेंट. महिरपी कंसात काम, आणि रिटर्नने उत्तर परत. उत्तर परत द्यायचंच नसेल, नुसती झडप उघडायची असेल, तर सुरुवातीला इंटच्या जागी व्हॉइड लिहा. पहिल्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन नाही, हे नीट पाहा. सवयीने तिथे सेमीकोलन पडतो आणि कंपायलर (लिहिलेला कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) खालच्या महिरपी कंसावर अडतो, त्यामुळे चूक भलतीकडेच शोधली जाते.

मेनच्या वर मात्र हीच ओळ सेमीकोलनसह लिहायची:

इंट ओलावा_टक्के(इंट रीडिंग);

हा प्रोटोटाइप. कंपायलर फाइल वरून खाली वाचतो. खाली येणाऱ्या फंक्शनची ओळख त्याला आधी करून द्यावी लागते. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली तेव्हा ही पद्धत नव्हती. ती 1989च्या प्रमाणित आवृत्तीत आली. ओळख न देता फंक्शन बोलवलं तर जुने कंपायलर उत्तर इंट आहे असं परस्पर धरून चालायचे. 1999च्या आवृत्तीने ती सूट काढून टाकली. पॉलिटेक्निकच्या जुन्या वहीतला कोड आज कंपाइल करताना तक्रारी येतात, त्यामागे अनेकदा हेच असतं.

आता महत्त्वाचं. वरचं फंक्शन लॅपटॉपवर अगदी बरोबर चालतं. बोर्डावर ते चुकतं. ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या एका बोर्डात हेच सूत्र होतं आणि एका बागेत झडप रात्रभर उघडी राहिली. त्या शेतकरी दादांचं पाणी आणि वीज दोन्ही आमच्यामुळे वाया गेलं. म्हणून हे इथे सविस्तर लिहितो आहोत.

आजच्या लॅपटॉपवर इंट 32 बिटांचा असतो. आमच्या बोर्डावरच्या एटमेगा 328 चिपवर तो 16 बिटांचा, म्हणजे त्यात 32767 पर्यंतच आकडा मावतो. रीडिंग 327 असताना 100ने गुणलं की 32700, इथवर ठीक. रीडिंग 328 झालं की 32800, आणि आकडा मावत नाही. अशा वेळी काय व्हावं याची हमी भाषा देत नाही. आमच्या बोर्डावर तो फिरून उणे 32736 झाला. त्याला 1023ने भागलं की उणे 32 टक्के! जमीन 32 टक्के ओली आणि प्रोग्रामच्या लेखी ठणठणीत कोरडी. पुढे रीडिंग कितीही चढलं तरी असं फिरणारं उत्तर 32च्या वर कधी जातच नाही. झडप बंद करायची मर्यादा 40 ठेवली होती, मग ती बंद होणार कशी?

आधी भागून मग गुणावं, असं काही जणांना सुचतं. त्याने दुसराच घोटाळा होतो. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की सी अपूर्णांक टाकून देते, त्यामुळे 1023 सोडून प्रत्येक रीडिंगला उत्तर शून्य येतं. खरा उपाय एका अक्षराचा आहे:

रिटर्न रीडिंग * 100एल / 1023;

100ला चिकटवलेल्या एलमुळे गुणाकार लाँग प्रकारात, म्हणजे या चिपवर 32 बिटांत होतो. भागून आलेली टक्केवारी इंटमध्ये सहज मावते.

चूक एकाच फंक्शनमध्ये होती, म्हणून दुरुस्तीही एकाच ओळीत झाली. तेच सूत्र मेनमध्ये पाच ठिकाणी लिहिलेलं असतं तर एखादं नक्की सुटलं असतं. फंक्शन लिहिलं की बागेत नेण्याआधी त्याला हे आकडे देऊन पाहा: 0 दिल्यावर 0, 327 दिल्यावर 31, 328 दिल्यावर 32, 512 दिल्यावर 50 आणि 1023 दिल्यावर 100 यायला हवेत. ही तपासणी लॅपटॉपवर करून भागत नाही. बोर्डावर करा आणि उत्तरं सीरियल केबलने पाहा.

आणखी एक गोष्ट ग्राहक वारंवार विचारतात: "फंक्शनच्या आत मर्यादा बदलली, बाहेर का नाही बदलली?" सी भाषेत फंक्शनच्या हाती मूळ व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव दिलेलं घर) जात नाही, त्याच्या किमतीची प्रत जाते. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर तुम्ही काहीही खोडलं तरी तलाठ्याकडच्या नोंदीला धक्का लागत नाही, तसंच. बदललेली किंमत हवी असेल तर ती रिटर्न करा आणि बाहेर साठवून घ्या. दोन-तीन किमती एकदम बदलायच्या असतील तर व्हेरिएबलचा पत्ता पाठवावा लागतो, म्हणजे पॉइंटर. अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या किमतींची रांग) पाठवला की मुळात त्याच्या पहिल्या घराचा पत्ताच जातो, म्हणून आत केलेले बदल बाहेरही दिसतात. त्यात किती रीडिंग आहेत हे मात्र फंक्शनला कळत नाही. ती संख्या वेगळी द्या.

फंक्शनच्या आत जाहीर केलेलं साधं व्हेरिएबल काम संपलं की जातं. मागचं रीडिंग पुढच्या खेपेला हवं असेल तर त्याच्या आधी स्टॅटिक लिहा. आणि आत शेकडो घरांचे अ‍ॅरे मांडू नका. या चिपवर कामाची मेमरी फक्त 2 किलोबाइट आहे. फंक्शनने स्वतःलाच बोलवायची युक्ती कॉलेजच्या परीक्षेत शोभते. इथे तिने तीच मेमरी संपते आणि बोर्ड मध्येच रीसेट होतो.

नावं कामाची द्या. "फंक्शन1" असं नाव ठेवलं तर मागून येणाऱ्याला काही बोध होत नाही. "झडप_उघडावी_का" म्हटलं की सालदारालाही कळतं. नावात अक्षरं, अंक आणि अधोरेषा चालतात, सुरुवात अंकाने चालत नाही.

फंक्शन अडलं तर बोर्ड आणि प्रोग्रामची पूर्ण फाइल घेऊन आमच्याकडे या. अडलेल्या पाच ओळींचा फोटो पाठवू नका, कारण चूक बऱ्याचदा त्यांच्या वर, प्रोटोटाइपमध्ये किंवा व्हेरिएबलच्या प्रकारात असते. आमच्या मूळ प्रोग्रामची एक प्रत पेन ड्राइव्हवर न बदलता तशीच ठेवा; बागेला पाणी द्यायची वेळ झाली आणि नवीन फंक्शन तयार नसेल, तर ती बोर्डावर चढवून त्या दिवसापुरतं काम भागवता येतं.