मुंबईत जन्मलेली डब्लिनची पलटण

पहिल्या महायुद्धात लढलेल्या रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स या आयरिश रेजिमेंटच्या रणसन्मानांची, म्हणजे निशाणावर मिरवायच्या लढायांच्या नावांची यादी वाचताना मराठी माणूस एका नावापाशी अडखळतो : खडकी. त्याच यादीत प्लासी, बक्सर, श्रीरंगपट्टण, महिदपूर, एडन, मुलतान ही नावंही आहेत. टोपीवरच्या बिल्ल्यात पेटता हातगोळा आणि त्यावर वाघ व हत्ती. आयर्लंडच्या रानात हे दोन्ही प्राणी नाहीत. ते आले कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणींतून. या रेजिमेंटची पहिली बटालियन मद्रासची, आणि दुसरी थेट मुंबईची. ही नोंद दुसऱ्या बटालियनची आहे.

१६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला आंदण दिली. बेट ताब्यात घ्यायला १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमनबरोबर सुमारे चारशे शिपाई आले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कागदपत्रांवरून खुसपटं काढून बेट द्यायला नकार दिला. मग या शिपायांनी मुक्काम ठोकला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर. हे बेट आज गोव्याच्या हद्दीत मोडतं. तिथे ताप, हगवण आणि पावसाळे यांनी जे केलं ते कुठल्याही शत्रूला जमलं नसतं. १६६४ मध्ये शिपमन स्वतः वारला, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला तेव्हा चारशेंपैकी जेमतेम शंभरएक उरले होते. १६६८ च्या मार्चमध्ये राजाने वर्षाला दहा पौंड भाड्यावर मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तिथले शिपाईही कंपनीच्या नोकरीत गेले. हीच पुढची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. टोपणनाव ‘ओल्ड टफ्स’, म्हणजे जुने चिवट गडी. अंजदीवनंतर ते शोभतंच.

खडकीच्या लढाईत ही पलटण ऐन वेळी पोचली. ३० ऑक्टोबर १८१७ ला ती मुंबईहून पुण्यात दाखल झाली आणि ५ नोव्हेंबरला बापू गोखल्यांच्या फौजेसमोर उभी राहिली. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. पेशवाई बुडवणाऱ्या त्या लढाईत असलेल्या पलटणीचा वारसा पुढे डब्लिनला गेला, ही गोष्ट आपल्याकडच्या इतिहासलेखनात क्वचितच येते.

ही पलटण आयरिश झाली कशी? दोन टप्प्यांत. एक, माणसांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीच्या गोऱ्या सैन्यभरतीत आयरिश तरुणांचा वाटा निम्म्याच्या आसपास पोचला होता. डब्लिन, कॉर्क, बेलफास्ट इथे कंपनीची भरती चाले. गावात जमीन नाही, काम नाही, आणि इथे पगार ठरलेला. दोन, कागदामुळे. १८५७ नंतर कंपनीचं सैन्य राणीच्या नावावर झालं. आपल्याला न विचारता, नव्याने भरतीचा बोनस न देता बदली केली म्हणून गोऱ्या शिपायांनी १८५९ मध्ये गोंधळ घातला आणि सुमारे दहा हजार जणांनी नाव कापून घेतलं. उरलेल्यांतून १८६२ मध्ये १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स उभी राहिली. १८८१ च्या फेररचनेत प्रत्येक रेजिमेंटला एक भूभाग देण्यात आला. मद्रासची १०२ वी आणि मुंबईची १०३ वी यांची जोडी लावून डब्लिन, किल्डेअर, विक्लो आणि कार्लो हे परगणे त्यांच्या वाट्याला दिले. मुख्य ठाणं किल्डेअरमधल्या नेस गावी. (लिन्स्टर रेजिमेंटची दुसरी बटालियनही अशीच. १८५३ मध्ये पुण्यात उभी केलेली तिसरी बॉम्बे युरोपियन, जी १८५८ मध्ये ह्यू रोझबरोबर झाशीला होती.)

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात दुसरी बटालियन टालाना, कोलेन्सो आणि लेडीस्मिथ इथे लढली. मेलेल्यांच्या नावांची कमान १९०७ मध्ये डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन बागेच्या तोंडाशी उभी राहिली. राष्ट्रवादी मंडळींनी लगेच तिचं नाव ठेवलं ‘गद्दारांचा दरवाजा’. हे १९१६ च्या आधी नऊ वर्षं. म्हणजे ब्रिटिश गणवेशातल्या आयरिश शिपायाकडे तिरक्या नजरेने पाहणं ब्रिटिश सत्तेविरुद्ध १९१६ मध्ये डब्लिनमध्ये झालेल्या ईस्टरच्या उठावाने सुरू झालं नाही, त्याने फक्त ते पक्कं केलं.

ऑगस्ट १९१४ ची बटालियन म्हणजे काय होतं, ते आकड्यांत पाहावं. पूर्ण संख्येची पायदळ बटालियन सुमारे एक हजार माणसांची : ३० अधिकारी आणि ९७७ शिपाई. चार कंपन्या, प्रत्येकी सव्वादोनशेच्या आसपास. कंपनीत चार प्लाटून, प्लाटूनमध्ये चार सेक्शन. मशीनगन संपूर्ण बटालियनला दोन. शिपायाचा मूळ पगार दिवसाला एक शिलिंग. करार बारा वर्षांचा, साधारण सात वर्षं प्रत्यक्ष चाकरी आणि पाच वर्षं राखीव. युद्ध जाहीर होताच राखीव माणसं परत बोलावली गेली. कोणी गोदीत हमाली करत होतं, कोणी गाडीवान. पायात नवे बूट, पाठीवर तीस किलोच्या आसपास ओझं आणि रोज वीस-पंचवीस किलोमीटर चाल. मोहिमेच्या पहिल्या आठवड्यात गोळीपेक्षा टाचांच्या फोडांनी जास्त माणसं मागे राहिली, यात नवल नाही.

इंग्लंडमधल्या ग्रेव्हझेंडहून निघालेली दुसरी बटालियन चौथ्या डिव्हिजनच्या दहाव्या ब्रिगेडमध्ये (म्हणजे काही बटालियनच्या गटात) होती. २६ ऑगस्टला उत्तर फ्रान्समधल्या ल कातोच्या लढाईत ही डिव्हिजन उतरली तेव्हा तिचे इंजिनिअर, संदेशवहन, रुग्णवाहिका पथकं, जड तोफा आणि दारूगोळ्याच्या गाड्या अजून पोचायच्या होत्या. संदेशवहन नाही म्हणजे माघारीचा हुकूम घोडेस्वाराने किंवा पळत्या माणसाने पोचवायचा. तो काही तुकड्यांना पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी सेंट क्वेंटीनला थकून कोसळलेले डब्लिन आणि वॉरिकशायरचे शिपाई चौकात पडले होते. शहरावर तोफा पडतील म्हणून महापौर घाबरलेला. त्याच्या आग्रहावरून दोन्ही पलटणींच्या कमांडरांनी, मेन्वेअरिंग आणि एल्किंग्टन यांनी, शरणागतीचा कागद मान्य केला. मेजर टॉम ब्रिजेस या घोडदळाच्या अधिकाऱ्याने तो कागद परत मिळवला, खेळण्यांच्या दुकानातून ढोलकं आणि शिट्टी आणवली आणि ती वाजवत माणसांना उठवून चालतं केलं. सप्टेंबरमध्ये दोन्ही कर्नलांना लष्करी न्यायालयाने बडतर्फ केलं. एल्किंग्टन फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला, जबर जखमी झाला आणि १९१६ मध्ये त्याला पद परत मिळालं. डब्लिनच्या मेन्वेअरिंगला ते कधीच मिळालं नाही.

१९१५ च्या वसंतात जे झालं त्याची तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. २५ एप्रिलला पहिली बटालियन, जी युद्ध सुरू झालं तेव्हा मद्रासला होती, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या व्ही किनाऱ्यावर उघड्या होड्यांतून उतरत होती. तिचं इतकं नुकसान झालं की उरलेल्यांना मन्स्टर फ्युझिलिअर्स या दुसऱ्या आयरिश रेजिमेंटच्या उरलेल्यांशी जोडून तात्पुरती एकच बटालियन करावी लागली. तिला सगळे ‘डब्स्टर्स’ म्हणत. त्याच दिवशी पहाटे बेल्जियममध्ये ईप्रजवळ दुसरी बटालियन सेंट जुलियन गावावर चालून जात होती. हा हल्ला फसला त्याची कारणं अगदी साधी होती. जमिनीची पाहणी झालेली नव्हती. आपल्याच तारेच्या कुंपणातल्या अरुंद फटींतून पलटणींना एकामागून एक बाहेर पडावं लागलं, त्यात वेळ गेला आणि अंधारात व्हायचा हल्ला उजेडात झाला. गावात अजून कॅनडाचे शिपाई असतील या समजुतीने तोफखान्याने गावावर मारा केला नाही, आणि घराघरांत जर्मन मशीनगन बसलेल्या. सकाळी सातपर्यंत सगळं संपलं होतं. ब्रिगेडचे सुमारे २,४०० अधिकारी-शिपाई मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

महिन्याने, २४ मे रोजी, ईप्रजवळचं माउसट्रॅप फार्म. पहाटे पावणेतीनच्या सुमारास जर्मनांनी नळकांड्यांतून क्लोरीन सोडला. काही ठिकाणी जर्मन खंदक तीस-चाळीस यार्डांवर होता. इतक्या अंतरावर वायू यायला मिनिटही लागत नाही. वाचवायला होती ती नुकतीच वाटलेली काळ्या जाळीची पट्टी. आत सुती बोळा, तो हायपो (फोटोग्राफरचं रसायन), धुण्याचा सोडा आणि ग्लिसरीन यांच्या द्रावणात भिजवलेला. बोळा नाकातोंडावर बांधायचा, जाळीचा वरचा भाग डोळ्यांवर ओढायचा. गोम अशी की बोळा वाळला तर निकामी, आणि घाबरून पुन्हा पुन्हा बुडवला तर इतका गच्च होतो की श्वास येईना. मग माणूस तो ओढून काढतो. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, त्यामुळे तो खंदकाच्या तळाशी साचतो. गोळ्यांपासून बचावाला खाली बसणारा आणि स्ट्रेचरवरचा जखमी हेच पहिले जातात. मागे पळणारा ढगाबरोबर धावतो आणि जास्त वायू घेतो. पायरीवर उभं राहून गोळीबार करत राहणाऱ्याला त्यातल्या त्यात वाचायची संधी होती, पण ते कळायला अनुभव लागत होता आणि अनुभव घ्यायला माणसं उरत नव्हती. सकाळी साडेसहाशेच्या वर असलेल्या बटालियनमधून रात्री मोजले तेव्हा २१ जण उभे होते. कमांडर लेफ्टनंट कर्नल लव्हबँड याच लढाईत मारला गेला. बहुतेकांचं थडगं नाही. त्यांची नावं ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकाच्या भिंतीवर आहेत.

यापुढे बटालियनचं नाव तेच राहिलं, माणसं वेगळी. जुने शिपाई संपले होते, जागा भरल्या त्या युद्धकाळात भरती झालेल्यांनी, आणि आयर्लंडमध्ये भरती घटत गेली तशी इंग्लंडमधून आलेल्यांनीही. एप्रिल १९१६ मध्ये ईस्टरचा उठाव झाला तेव्हा युद्धकाळात उभी केलेली दहावी बटालियन डब्लिनच्या रस्त्यांवर आपल्याच शहरातल्या बंडखोरांवर गोळ्या झाडत होती, आणि त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये हुलुखला आठवी बटालियन वायूत गुदमरत होती. सेंट स्टीफन्स ग्रीनच्या कमानीवर त्या आठवड्यातल्या गोळ्यांचे व्रण अजून आहेत. दुसरी बटालियन १ जुलैला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत उतरली, पुढे सोळाव्या आयरिश डिव्हिजनमध्ये गेली आणि २१ मार्च १९१८ च्या जर्मन हल्ल्यात पुन्हा एकदा जवळजवळ नाहीशी झाली. युद्धात संपूर्ण रेजिमेंटचे सुमारे ४,८०० जण मेले.

दक्षिण आयर्लंड वेगळा होऊन आयरिश फ्री स्टेट झाल्यावर दक्षिणेतल्या पायदळ रेजिमेंट मोडीत निघाल्या. १२ जून १९२२ ला विंडसरच्या किल्ल्यात निशाणं राजाच्या हवाली झाली, जुलैअखेर रेजिमेंट बंद. अंजदीवच्या मुक्कामापासून दोनशे साठ वर्षं. परतलेल्या शिपायांनी नव्या आयर्लंडमध्ये पदकं ट्रंकेत ठेवली. डब्लिनच्या आयलंडब्रिज इथलं युद्धस्मारक वास्तुविशारद ल्युटेन्सने आखलं, तिसाच्या दशकात बांधून झालं, आणि मग काही दशकं उकिरड्यासारखं पडून राहिलं. १९८८ मध्ये ते पुन्हा उघडलं गेलं.

ज्यांना या पलटणीतला एखादा माणूस शोधायचा असतो ते हमखास चुकतात कुठे, तेही इथेच सांगून टाकू. शिपायांची युद्धकाळातली सेवापत्रकं लंडनमधल्या गोदामावर सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडून जळाली, सुमारे साठ टक्के गेली. न सापडणं म्हणजे माणूस नव्हता असं नाही. पदकांच्या नोंदी मात्र वाचल्या आहेत, सुरुवात तिथून करावी. १९१४ चा तारा हे पदक असेल तर माणूस २२ नोव्हेंबर १९१४ पर्यंत फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये होता. त्याच्या मागे बहुतेकदा बटालियनचा आकडा कोरलेला असतो. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल या पुढच्या दोन पदकांच्या कडेवर फक्त रेजिमेंट असते, त्यावरून बटालियन ठरवू नये. शिपाई क्रमांकावर तर अजिबात विसंबू नये. १९२० पूर्वी तोच क्रमांक दुसऱ्या रेजिमेंटमध्ये, कधीकधी त्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्येही असे. वय वाढवून आणि खोट्या नावाने भरती होणारे पुष्कळ, म्हणून १९११ च्या आयरिश जनगणनेशी घरचा पत्ता ताडून पाहावा. बटालियनची रोजनिशी लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहे. तीत अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचे बहुधा केवळ आकडे. आणि शोध १८५९ च्या मागे गेला तर क्यू सोडून ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तराकडे वळावं लागतं. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तिथे एन ३ या खुणेखाली आहेत.