लाल अधिक हिरवा बरोबर चिखल

मागावर बसायला लागल्यानंतरच्या पहिल्याच उत्साहात एक लोकरीचा स्कार्फ विणला होता. ताणा, म्हणजे उभे धागे, गडद लाल; बाणा, म्हणजे आडवे धागे, तितकाच गडद हिरवा. दोन्ही लड्या स्वतः रंगवलेल्या, आणि दोरीवर वाळत असताना त्या इतक्या देखण्या दिसत होत्या की सारखं जाऊन बघावंसं वाटे. चार दिवस खपून कापड उतरवलं, खुंटीला अडकवलं आणि दारापर्यंत जाऊन मागं वळून पाहिलं, तर तिथं चिखलाच्या रंगाचं काहीतरी लोंबत होतं. जवळ गेलं की लाल-हिरवं, लांब गेलं की पुन्हा चिखल. रंग कच्चा नव्हता, उतरलाही नव्हता. भांड्यात तो चोख बसला होता. घोटाळा मागावर झाला होता.

धाग्याचा रंग असा दोनदा ठरतो. एकदा भांड्यात, रेणूंच्या पातळीवर, आणि मग कापडात, शेजारच्या धाग्याच्या संगतीत. नव्या माणसाची सगळी काळजी पहिल्या टप्प्यावर खर्च होते. माझीही झाली होती.

भांड्यातली गोष्ट समजून घ्यायला एक सोपा प्रयोग आहे. लोकरीची एक लडी आणि सुताची एक लडी एकाच भांड्यात सोडायची. पाण्यात ॲसिड रंग आणि थोडं व्हिनेगर घालायचं आणि सावकाश तापवायचं. तासाभरानं लोकर भरगच्च रंगलेली असते आणि सूत जेमतेम मळकट. लोकर म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिन. त्याच्या साखळीवर अमिनो गट असतात आणि आम्लात त्यांच्यावर धन प्रभार येतो. रंगाच्या रेणूवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे दोघं एकमेकांना ओढून घेतात. सूत म्हणजे सेल्युलोज. त्याच्याकडे असा प्रभारच नाही, मग हा रंग त्याला धरणार कशाला?

या प्रयोगात मला सगळ्यात आवडतो तो शेवट. १०० ग्रॅम लोकरीला १ ग्रॅम भुकटी मध्यम छटेसाठी पुरते. सुरुवातीला तेवढ्यानंही भांडं इतकं गडद होतं की तळ दिसत नाही. शेवटी पांढऱ्या चमच्यात थोडं पाणी घेऊन पाहावं, ते जवळजवळ नितळ निघतं. सगळा रंग लोकरीनं पिऊन टाकलेला असतो. मात्र आच घाईनं वाढवली तर जो भाग आधी तापतो तो रंग आधी ओढून घेतो आणि लडीवर डाग पडतात. आणि ढवळण्याचा मोह आवरावा. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात, आणि लडीचा नमदा झाला की तो पुन्हा सुटत नाही.

सुताचं गणित निराळं. त्याच्यासाठीचे रिॲक्टिव्ह रंग आयसीआय या ब्रिटिश कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन यांच्या कामातून आले आणि १९५६ साली प्रोसिऑन नावानं बाजारात उतरले. हे रंग नुसते चिकटत नाहीत, सेल्युलोजशी खरा रासायनिक बंध जोडतात, तोही कोमट पाण्यात. त्यासाठी पाणी अल्कधर्मी करावं लागतं, म्हणून धुण्याचा सोडा. गंमत अशी की हा रंग पाण्याशीही बंध जोडतो, आणि पाण्याशी जोडला गेलेला रेणू सुताच्या कामाचा उरत नाही. तो नुसता तंतूंमध्ये अडकून बसतो आणि पुढच्या प्रत्येक धुण्यात थोडाथोडा बाहेर येतो. ‘रंग जातोय’ म्हणून लोक रंगाला नावं ठेवतात. बहुतेक वेळा दोष पुरेसं न खळबळल्याचा असतो. थंड पाण्यात, मग कडकडीत गरम पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

वनस्पतिजन्य रंगांपैकी बऱ्याच जणांना मध्यस्थ लागतो. मंजिष्ठेचा लाल रंग लोकरीवर टिकवायचा तर लोकर आधी तुरटीच्या पाण्यात शिजवून घेतात, लोकरीच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के तुरटी घालून. तुरटीतलं ॲल्युमिनिअम एका हातानं तंतूला आणि दुसऱ्या हातानं रंगाच्या रेणूला धरतं. तुरटीऐवजी हिराकस घेतलं, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या जागी लोह आलं, की त्याच मंजिष्ठेचा लाल काळवंडून जांभळट तपकिरी होतो. म्हणजे मध्यस्थ बदलला की नुसता टिकाऊपणा नाही, रंगच बदलतो. हळदीला मध्यस्थ नसला तरी चालतं, ती झटकन चढते. पण उन्हात तितक्याच झटकन विटते. पिवळा रंग टिकवायचा असेल तर हळदीच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नीळ या सगळ्यांहून वेगळी. ती पाण्यात विरघळतच नाही. क्षपण केलं, म्हणजे पिंपातल्या द्रावणात तिला इलेक्ट्रॉन मिळाले, की तिचं विद्राव्य, पिवळट हिरवं रूप तयार होतं. लडी बुडवून हळूच वर काढली की ती पोपटी दिसते. मग हवा लागते, आणि हातातल्या हातात, वरून खाली, हिरव्याचं निळं होत जातं. हवेतल्या ऑक्सिजननं नीळ पुन्हा अविद्राव्य होऊन तंतूच्या आतच अडकलेली असते. कितीही वेळा पाहिलं तरी हे बघताना हात थांबतात. पेरूतल्या हुआका प्रिएता इथं सापडलेले निळीनं रंगवलेले सुती तुकडे सुमारे ६००० वर्षांपूर्वीचे आहेत. पिंपापाशी हे हिरव्याचं निळं होणं तेव्हापासून लोक पाहत आले आहेत.

आता चिखलाकडे. भांड्यात निळा आणि पिवळा मिसळला की हिरवा होतो, कारण दोन्ही रंग आपापल्या वाटचा प्रकाश शोषून घेतात आणि हिरवा तेवढा सुटतो. पण निळा ताणा आणि पिवळा बाणा घेऊन विणलं तर? इथं रंगद्रव्यं एकमेकांत मिसळतच नाहीत. प्रत्येक धागा आपापला प्रकाश परत पाठवतो आणि डोळा त्यांची सरासरी काढतो. निळ्या-पिवळ्याची ती सरासरी करडट येते, फार तर किंचित हिरवट. लाल-हिरव्याची मळकट तपकिरी.

ही सरासरी कुठून सुरू होते, तेही मोजता येतं. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान तपशील सुटा दिसत नाही. १ मिलिमीटर जाडीचा धागा तेवढा लहान होतो सुमारे साडेतीन मीटरवर. माझी लोकर अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे पावणेदोन मीटरपलीकडे खेळ खलास. प्रत्यक्षात त्याच्याही आधी. कारण उजेड-अंधारातला फरक डोळा जितका बारीक टिपतो, तितका नुसत्या रंगछटेतला फरक टिपत नाही. माझा लाल आणि माझा हिरवा, दोन्ही सारखेच गडद होते. छटेखेरीज वेगळं करायला डोळ्याच्या हाती काहीच नव्हतं.

हा प्रश्न जुना आहे. रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलाँ या चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्यानं तपासलं तर काळ्या लोकरीत खोट नव्हती. तो काळा निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी बसवला होता, आणि त्यांच्या संगतीत तो निस्तेज वाटत होता. रंग शेजाऱ्यामुळे बदललेला भासतो, हे त्यानं १८३९ साली ग्रंथरूपानं सविस्तर मांडलं. म्हणजे तक्रार रंगाऱ्याविरुद्ध होती आणि उत्तर निघालं डोळ्यात.

ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा अशा रेशमी धूपछाव कापडात हीच सरासरी मोडते. रेशमाचा गुळगुळीत तंतू चकाकतो तो आपल्या लांबीला काटकोनात असलेल्या दिशांनी. ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात, म्हणून एका कोनातून एक चमकतो, जरा वळवलं की दुसरा. लोकरीत ती चकाकी नाही, त्यामुळे माझ्या स्कार्फला ही सवलतही नव्हती.

दुसऱ्या खेपेला विणण्याआधी दोन्ही लड्या शेजारी ठेवून फोनवर कृष्णधवल फोटो काढला. जुन्या लाल-हिरव्याचा असा फोटो म्हणजे नुसता एकसारखा करडा ठोकळा. लाल तोच ठेवला, हिरवा मात्र अगदी फिका, कोवळ्या पानासारखा रंगवला. साध्या विणीऐवजी दोन वर दोन खाली अशी तिरकी वीण घेतली. तीत धागे एकमेकांना कमी वेळा छेदतात, म्हणून कापड गळ्याभोवती मऊ पडतं, आणि तिरप्या रेघाही उठतात. मागावरून उतरवल्यावर ते जाळीसारखं विरळ आणि ताठ होतं. कोमट पाण्यात हलक्या हातानं धुतलं तेव्हा ताणातून सुटलेली लोकर फुलली, धागे एकमेकांच्या कुशीत सरकले आणि लांबी चांगली चार बोटं कमी झाली. दारातून पाहिलं तर रेघा दिसत होत्या.

पहिला स्कार्फ अजून आहे. निळ्या कोटावर घातला की तो चिखल चक्क तांबूस दिसतो.