गरम रस्सा, पातळ पिशवी आणि हृदयविकार : एक पार्श्वभूमी

पुण्यात सकाळी मिसळ पार्सल मागितली, की उकळता रस्सा पातळ पिशवीत ओतला जातो, वर रबर गुंडाळले जाते आणि घरी पोहोचेपर्यंत लाल तर्री पिशवीला आतून चिकटलेली असते. त्या तर्रीबरोबर पोटात आणखी काय जाते आणि त्याचा हृदयाशी काय संबंध, हा प्रश्न वैद्यकाने फार उशिरा विचारला.

बिस्फेनॉल-ए हे रसायन १८९१ मध्ये तयार झाले आणि ते इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते, हे लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३०च्या दशकातच दाखवून दिले होते. तरीही १९५०च्या दशकापासून पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या वस्तू आणि पत्र्याच्या डब्यांची आतली अस्तरे त्यापासूनच बनू लागली. या इतिहासातली सर्वांत खटकणारी गोष्ट माझ्या मते हीच आहे. पीव्हीसी मऊ करणारी थॅलेट्स तर प्लॅस्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेलीही नसतात, त्यामुळे उष्णता आणि तेल मिळाले की ती सुटून अन्नात उतरतात. पॉलिथिनला थॅलेट्स लागत नाहीत, हे खरे. पण हातात आलेली पिशवी नेमकी कशाची आहे, हे गिऱ्हाइकाला कसे कळावे?

संशोधकांचे लक्ष बराच काळ प्रजनन आणि बालकांच्या वाढीवर होते. २००८ मध्ये अमेरिकेतील १,४५५ प्रौढांच्या पाहणीत, ज्यांच्या लघवीत बिस्फेनॉल-ए अधिक त्यांच्यात हृदयविकार आणि मधुमेहही अधिक, असे आढळले. हा सहसंबंध होता, कारणाचा पुरावा नव्हे. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी डीईएचपी या एकाच थॅलेटशी २०१८ मधील ५५ ते ६४ वयोगटातील साडेतीन लाखांहून अधिक हृदयविकार-मृत्यूंचा संबंध जोडला आणि त्यांपैकी एक लाखाहून अधिक मृत्यू भारतातले होते. हाही प्रारूपावर बेतलेला अंदाजच आहे, पण आपल्या देशाचा वाटा पाहून हात थबकतो.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल-एची सुरक्षित दैनिक मात्रा वीस हजार पटींनी खाली आणली. भारतात २०१८च्या वेष्टन नियमांनी अन्न वर्तमानपत्रात गुंडाळण्यास मनाई केली आणि प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण घटकांना किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. मिसळीच्या पिशवीवर मात्र बहुतेकदा उत्पादकाचे नावही छापलेले नसते.