कललेली पिकअप आणि निर्दोष कोपरा

सस्पेन्शनचे काम करून आणलेली पिकअप सपाट जागेवर उभी केली आणि तिची एक बाजू खाली दिसली, की संशय हमखास त्या खाली गेलेल्या कोपऱ्यावर जातो. तिथली स्प्रिंग बसली असे ठरवून ती बदललीही जाते, आणि गाडी मात्र तशीच कललेली राहते. चेसिस ही बऱ्यापैकी ताठ चौकट चार ठिकाणी स्प्रिंगांवर टेकलेली असल्यामुळे एका कोपऱ्याची उंची बदलली की उरलेल्या तिघांवरचा भारही बदलतो. पुढचा उजवा कोपरा गरजेपेक्षा उंच झाला, तर त्याच्या तिरक्या समोरचा, म्हणजे मागचा डावा कोपरा जास्त दबतो. तिथल्या पाट्यांचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, यात काहीही दोष नसतो.

म्हणून पान्याआधी टेप हातात घ्यावा. चारही टायरमधली हवा तपासून, हौदा रिकामा करून, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून काढावे. मडगार्ड चेसिसवर वाकडे बसलेले असू शकते, त्यामुळे चेसिसपासून जमिनीपर्यंतची मापेही सोबत घेतलेली बरी. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीची मापे मात्र फसवी असतात. स्वतंत्र सस्पेन्शनची (प्रत्येक चाक वेगळे वरखाली होणारी) पुढची चाके लटकताना थोडी आत सरकतात आणि खाली येताना टायर जमीन धरून ठेवतात, त्यामुळे गाडी काही काळ खोटीच उंच राहते. चार-पाच मीटर मागेपुढे चालवून आणि बंपर दाबून हलवल्यावरच ती आपल्या खऱ्या उंचीवर बसते.

दोष पुढे आहे की मागे, हे कळण्यासाठी एक साधा प्रयोग आहे. चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीच्या नेमक्या मध्याखाली जॅक लावून मागच्या पाट्यांवरचा भार निघेपर्यंत गाडी उचलावी (या वेळी कोणीही खाली शिरू नये). आता चौकट पुढच्या दोन स्प्रिंगा आणि मागे एकच बिंदू अशी तीन ठिकाणी टेकलेली असते. तरीही कल राहिला तर दोष पुढे आहे. नाहीसा झाला तर मागे. मला हा प्रयोग महागड्या यंत्रांपेक्षा जास्त पटतो, कारण तो अंदाजाला जागाच ठेवत नाही.

पुढे दोष निघाला, तर आधी स्प्रिंग आपल्या बैठकीत बसली आहे का ते पाहावे. गुंडाळीचे टोक बैठकीतल्या खाचेला टेकायला हवे. ते खाचेवर चढले तर स्प्रिंग काही मिलिमीटर वर उचलली जाते. स्प्रिंग आर्मच्या, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याच्या, मध्यावर बसत असेल, तर तिथले 6 मिलिमीटर चाकापाशी सुमारे 12 होतात. रॉबर्ट हूक यांनी 1678 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंग जितकी दबते त्या प्रमाणात तिचे बल वाढते, त्यामुळे मिलिमीटरला 40 न्यूटन ताठपणाच्या स्प्रिंगमध्ये 10 मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे 40 किलोंचा भार इकडचा तिकडे. मागच्या पाट्यांचे गणित याहून कडक आहे, कारण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: 8 मिलिमीटरच्या जागी 7 मिलिमीटरचा पाटा बसवला, तर त्या पाट्याचा ताठपणा जवळपास एक तृतीयांशाने घटतो.

कामानंतर लगेच आलेल्या कलाचे सर्वांत दुर्लक्षित कारण मात्र रबरी बुश, म्हणजे आर्म किंवा पाट्यांच्या सांध्यात बसवलेला रबराचा तुकडा, हे आहे. अनेक बुशांमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटलेले असते आणि बोल्ट आवळला की आतली नळी जागीच जखडते. चाक हवेत लटकत असताना तो बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताना रबर पिळले जाते आणि तो पीळ एखाद्या छोट्या स्प्रिंगसारखा ती बाजू वर धरून ठेवतो. एका बाजूचे बोल्ट लटकत्या चाकावर आणि दुसऱ्या बाजूचे जमिनीवर आवळले गेले, तर सगळे भाग नवे आणि निर्दोष असूनही गाडी कलते. अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्याची) एक लिंक, म्हणजे जोडपट्टी, आखूड असली तरी असेच होते. ती सोडताच कल गेला, तर गुन्हेगार सापडला. बुशांसाठी बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असतानाच हलवून बसवावी आणि मग कंपनीने दिलेल्या बळाने आवळावेत.

एवढे करूनही पुढचा कल राहिला, तर दोन्ही स्प्रिंगांवरचे क्रमांक पाहावेत, कारण काही गाड्यांत चालक आणि इंधनटाकीच्या वजनासाठी डावी-उजवी स्प्रिंग मुद्दाम वेगळी असते. क्रमांक सारखेच असतील, तर त्यांची अदलाबदल करून पाहावे: कल दुसऱ्या बाजूला गेला तर दोष स्प्रिंगमध्ये, जागीच राहिला तर बैठकीत किंवा वाकलेल्या आर्ममध्ये.