वाळा : बागेतील लागवड व निगा

वाळा : (हिं. खस; सं. उशीर, कुल–ग्रॅमिनी). भारतीय उपखंडातील मूळचे, बेटाने वाढणारे बहुवर्षायू गवत. शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस. जुन्या ग्रंथांत ते व्हेटिव्हेरिया या प्रजातीत दिलेले आढळते. उंची दीड ते दोन मी.; पाती अरुंद, ताठ व कडेला खरखरीत. पावसाळ्याच्या अखेरीस जांभळट-तपकिरी तुरे येतात. मुळे सरळ खाली जातात आणि मोकळ्या जमिनीत तीन मी.पर्यंत पोहोचतात. सुगंध फक्त मुळांत असतो. गवती चहाचे बेट लांबून असेच दिसते, पण त्याचे पान चुरगळले की लिंबासारखा वास येतो. वाळ्याच्या पानाला वास नसतो. रोप विकत घेताना एवढी खूण पुरते.

नाशिक जिल्ह्याच्या विषम हवामानाला इतके सोसणारे शोभेचे गवत दुसरे क्वचितच असेल. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर सिन्नर-येवल्याकडे तो ५०० मिमी.च्या आसपास असतो. निफाडला थंडीच्या लाटेत पारा ५° से.च्या खाली उतरतो आणि मे महिन्यात जिल्ह्यातील बराच भाग चाळिशी गाठतो. वाळा या सगळ्यात टिकतो. गोदाकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळाभर पाणी साचले तरी तो कुजत नाही आणि मुरमाड उतारावर आठ महिने पाऊस नसला तरी मरत नाही. चोपण (क्षारांमुळे कडक झालेली) जमीनही त्याला चालते. सावली मात्र मानवत नाही. आंब्याखाली लावलेले बेट विरळ होत जाते.

लागवड बियांपासून न करता ठोंबांनी करतात. उत्तर भारतातील रानटी वाळ्याला बी धरते व तो पसरू शकतो. दक्षिणेकडील लागवडीचा वाळा बहुधा वांझ असतो. बागेसाठी व बांधासाठी वांझ बेटातलेच बेणे घ्यावे. जुने बेट उकरून दोन-तीन फुटव्यांचे ठोंब वेगळे करतात, पाती सु. २० सेंमी. व मुळे १० सेंमी. ठेवून छाटतात. मृगाचा पाऊस होऊन वाफसा (मशागतीजोगा ओलावा) आला की लावणी करावी. बांधावर किंवा शेततळ्याच्या काठावर सलग कुंपण हवे असेल तर अंतर १० ते १५ सेंमी., शोभेसाठी सुटे बेट हवे असेल तर एक मी. ठेवतात. पहिला पावसाळा नीट खुरपणी हवी, कारण लहानपणी तण त्याला दाबते. कोवळी पाती गुरे-शेळ्या आवडीने खातात. जून पात्यांना सहसा तोंड लावत नाहीत.

पुढची निगा थोडी, पण ती चुकवू नये. वर्षातून एकदा, थंडी सरल्यावर, बेट जमिनीपासून ३० ते ४० सेंमी.वर कापावे. पाणी देता येत नसेल तर ही कापणी पावसाच्या तोंडावर करावी. छाटणीने नवे फुटवे येतात. न कापलेल्या बेटाच्या मध्यभागी वाळलेला पाला साठतो, त्याला वाळवी लागते आणि बेट आतून पोकळ होते. कापलेल्या पात्यांचे आच्छादन द्राक्षाच्या किंवा फुलझाडांच्या बुंध्याशी उत्तम होते. खताची फारशी गरज नाही.

मुळांचा प्रश्न वेगळा आहे. माती धरून ठेवण्यासाठी लावलेला वाळा मुळांसाठी कधीही उकरू नये. उकरलेल्या जागेतूनच पुढच्या पावसात बांध फुटतो. १९८० च्या दशकात जागतिक बँकेने भारतात मृद्संधारणासाठी वाळ्याच्या ओळींचा पुरस्कार केला, तो या खोल मुळांच्या जोरावरच. माठात टाकायला मुळे हवीत तर वेगळी बेटे मोठ्या पिंपात किंवा मातीने भरलेल्या गोणीत लावावीत. मुळांतील सुगंधी तेलासाठी लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘धारिणी’, ‘गुलाबी’ व ‘केशरी’ हे वाण दिले आहेत. घरच्या वापराला कोणताही चालतो.

मुळे १५ ते १८ महिन्यांनी, कोरड्या ऋतूत काढतात. गोणी फाडली की ती न तुटता मिळतात. स्वच्छ धुऊन सावलीत वाळवावीत. कडक उन्हात सुगंधी तेल उडून जाते. जुडी बांधून माठात ठेवल्यास पाणी सुवासिक होते. आयुर्वेदातील षडंगपानीयात, म्हणजे ज्वरात द्यायच्या सहा द्रव्यांच्या पाण्यात, उशीर म्हणून हीच मुळे असतात. मुळे काढलेल्या बेटाचा वरचा भाग फेकू नये. छाटून ओल्या पोत्यात ठेवला तर तोच पुढच्या लावणीचे बेणे होतो.