गरोदरपणातला थायरॉइड : अडीच की चार?

बीड, लातूर, परभणीच्या खासगी दवाखान्यांत गरोदर बाईच्या पहिल्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, साखर यांच्या जोडीला टीएसएच बहुतेकदा लिहिलेला असतो. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढतं. पूर्वी थायरॉइड म्हणजे गलगंड, आणि गलगंड म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा आजार, एवढीच समजूत होती. १९६२ चा केंद्राचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम, १९९२ मध्ये बदललेलं त्याचं नाव, २००६ पासून आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर पुन्हा आलेली बंदी, हे सगळं मिठाभोवतीच फिरलं.

चर्चा पोटातल्या बाळाकडे वळली ती १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासाने. टीएसएच वाढलेला असून उपचार न झालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ अंकांनी कमी निघाला. त्या मातांचा टीएसएच किंचित नव्हे, चांगलाच वाढलेला होता, हे मात्र पुढे मागे पडलं.

खरा घोळ २०११ चा. अमेरिकेतल्या थायरॉइड तज्ज्ञांच्या संघटनेने गरोदरपणातल्या टीएसएचला पहिल्या तिमाहीसाठी २.५ आणि नंतर ३ अशी वरची मर्यादा सुचवली. आपल्याकडे २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत तेच आकडे आले. तपासणी मात्र सरसकट नव्हे, जोखमीच्या मातांपुरती. २०१७ मध्ये त्याच संघटनेने मर्यादा सैल केली : स्थानिक आकडे नसतील तर साधारण ४. दरम्यान दोन मोठ्या चाचण्यांत थायरॉइडच्या सौम्य कमतरतेवर थायरॉइड संप्रेरकाची गोळी देऊन मुलांच्या बुद्ध्यांकात फरक दिसला नव्हता. तिथे गोळी सुरू झाली ती तिसरा महिना सरत असताना किंवा त्यानंतर, हा आक्षेप रास्तच. बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेशी चालायला पाचवा महिना उजाडतो, तोवर भिस्त आईच्या थायरॉइडवर. तरीही ३.१ च्या रिपोर्टवर 'थायरॉइड निघालं' म्हणून अख्खं घर धास्तावतं, हे काही पटत नाही.

ज्यांचा टीएसएच १० च्या पुढे आहे त्यांच्याबाबत वाद नाही. गर्भपात, रक्तदाब, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, हे धोके तिथे खरे आहेत. आधीपासून गोळी घेणारीला दिवस राहिल्याचं कळताच डोस साधारण पाव हिश्शाने वाढवावा लागतो. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेल्या बाईचे हेच पहिले महिने फडावर जातात, आणि डोस वाढवायचा राहून जातो. शिवाय आशाताईने दिलेली लोहाची आणि कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेतली, तर औषध अंगी लागत नाही. मध्ये चार तास हवेत.