वायरलेस माउस अडकतो? दोष बहुधा ब्लूटूथचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, आजही सल्ला मिळतो: ‘गेमिंगला वायरचाच माउस घ्या.’ हा समज जुना झालाय. २.४ गिगाहर्ट्झ डोंगलवर (यूएसबी पोर्टमध्ये लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालणारा चांगला गेमिंग माउस सेकंदाला १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला, आपली जागा कळवतो. वायरचे बहुतेक गेमिंग माउसही तेवढंच करतात. ब्लूटूथवर हा वेग बराच घटतो. डोंगल कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३ पोर्टला खेटून लावला तरी सिग्नल बिघडतो. एक्स्टेंशन केबलने तो माउसजवळ आणा, फरक लगेच जाणवेल.

हेडसेटचंही तसंच: ब्लूटूथवर गोळीचा आवाज उशिरा पोचतो, डोंगलवर नाही. आणि मुंबईच्या दमटपणात रेक्झिनच्या गाद्यांखाली कान घामेजतात. मी कापडीच सुचवेन. दुकानात निदान दहा मिनिटं घालून बघा, चष्म्यासकट.